निसर्ग वादळानंतर घर पुन्हा उभं करताना : पंचनामा, पैसे आणि छप्पर

निसर्ग चक्रीवादळात आमच्या गावच्या घराचं छप्पर गेलं. सरकारी मदत मिळवून ते घर पुन्हा राहण्याजोगं करेपर्यंत दुसरा पावसाळा तोंडावर आला. मधल्या काळात आसपासच्या गावांतल्या पुष्कळ जणांनी फोन करून तेच विचारलं, अर्ज कुठे द्यायचा, कागद कुठले लागतात, मिळतात किती. 2021 च्या मे महिन्यात तौते चक्रीवादळ येऊन गेलं, जुलैत महाड-चिपळूणला पूर आला आणि ते फोन पुन्हा सुरू झाले. म्हणून जसं घडलं तसं सगळं क्रमाने लिहिते.

घर रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावर, खाडीपासून थोडं आत. आजोबांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, ऐनाचे वासे, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटी, मागे पडवी आणि पडवीला लागून सहा गुंठ्यांची सुपारीची वाडी. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. मी कल्याणला असते.

3 जून 2020 ला दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर. ग्रामपंचायतीने सकाळीच कौलारू घरांतली माणसं स्लॅबच्या घरांमध्ये हलवली होती, त्यात आई होती, म्हणून ती सुखरूप राहिली. पण हे मला तेव्हा कळलं नाही. दुपारनंतर गावातला एकही फोन लागेना. टॉवर बंद, विजेचे खांब आडवे. तिसऱ्या दिवशी माझ्या चुलतभावाचा मुलगा सड्यावर चढला, तिथे कुठून तरी रेंज मिळाली आणि त्याने दोनच वाक्यं सांगितली. आजी बरी आहे. घरावर छप्पर नाही.

तो लॉकडाऊनचा काळ. जिल्हा ओलांडायला पोलिसांचा ई-पास, त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र. ते होऊन मी निघाले तेव्हा माणगावच्या पुढे रस्त्यावरची झाडं कापून एका गाडीपुरती वाट केलेली होती. गावात पोचल्यावर नियमाप्रमाणे चौदा दिवस शाळेत विलगीकरण. घर तिथून दिसत होतं. वासे दिसत होते, त्यांच्यावर काही नव्हतं, आणि पाऊस लागला होता. आई रोज शाळेच्या फाटकापर्यंत यायची, डबा ठेवायची आणि बोलायची ते फक्त सुपारीबद्दल. घराचा विषय काढायची नाही.

मी शाळेत असतानाच पंचनाम्याचं पथक येऊन गेलं. तलाठी, ग्रामसेवक, सोबत कृषी सहाय्यक. दिवसाला कितीतरी घरं करायची, पावसात, वीज नाही, झेरॉक्स नाही. माणसं खरोखर दमलेली होती आणि चांगलं वागत होती. त्यांनी अंगणातून घर पाहिलं, आईला नाव विचारलं, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि पुढच्या घरी गेले. आईने दाखवल्या जागी सही केली.

विलगीकरण संपल्यावर पहिली गोष्ट केली ती ग्रामपंचायतीत जाऊन आमच्या पंचनाम्याचा फोटो काढून घेतला. त्यात लिहिलं होतं, ‘छपराची कौले उडाली, नुकसान अंदाजे 15 टक्के.’

इथे दर सांगणं भाग आहे, कारण सगळं त्या टक्क्यावर चालतं. घर पूर्ण पडलं तर आधीच्या निकषाने 95,100 रुपये मिळत, ते निसर्गच्या वेळी दीड लाख केले गेले. अंशतः पडझड असेल तर किमान 15 टक्क्यांना 15,000, 25 टक्क्यांना 25,000 आणि 50 टक्क्यांना 50,000. तौते आणि जुलैच्या पुरातही घरांना हेच दर धरले. पण हे दर कायमचे नसतात. दर आपत्तीनंतर महसूल व वन विभागाचा वेगळा शासन निर्णय निघतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर सापडतो, तो वाचा, त्याची तारीख आणि क्रमांक वहीत लिहून ठेवा. कचेरीत बोलताना हातात शासन निर्णय असला की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

आमच्या घराचं खरं नुकसान कौलांपुरतं नव्हतं. आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, मधोमध तडकलं होतं. पश्चिमेकडची त्रिकोणी भिंत माजघरात कोसळली होती. मागच्या भिंतीला पोट आलं होतं. यातलं काहीही अंगणातून दिसत नाही.

मी तहसीलदारांच्या नावे फेरपंचनाम्यासाठी अर्ज लिहिला. एका पानाचा. आधीच्या पंचनाम्याची तारीख, मालमत्ता क्रमांक, आणि त्यात न आलेल्या तीन गोष्टी. तक्रारीचा सूर नाही, कुणाची चूक काढणं नाही, फक्त ‘घराच्या आत पाहणी व्हावी’ अशी विनंती. सोबत फोटो. फोटो काढताना तड्याशेजारी मोजपट्टी धरली आणि प्रत्येक खोलीचा एक फोटो दारातून असा घेतला की खोली ओळखू येईल. मोबाइल चार्ज करायला शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. हा शिक्का फार महत्त्वाचा. पुढे जेव्हा जेव्हा ‘तुमचा अर्ज दिसत नाही’ असं ऐकलं, तेव्हा ती प्रत पुढे केली आणि क्रमांकावरून अर्ज निघाला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पंचायत समितीकडचे अभियंते आले, सोबत तलाठी. अभियंता तरुण मुलगा होता. पायातले बूट काढून आत आला, ओल्या मातीत. खिशातून ओळंबा काढला, मागच्या भिंतीच्या माथ्याला दोरी धरली आणि खाली सोडला. भिंतीच्या पायाशी शिसं चिऱ्यापासून चार बोटं लांब लोंबत होतं. तो क्षणभर काही बोलला नाही. आईला म्हणाला, ‘आजी, इकडे या, बघा. भिंत एवढी बाहेर आलीय. या बाजूला झोपू नका.’ आईने बोटं लावून ते अंतर मोजलं. वादळानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

त्याने छपराचा सांगाडा, आढं, दोन्ही भिंती असं वेगवेगळं लिहिलं आणि शेवटी 50 टक्के. सही करण्याआधी मी म्हटलं, ‘भाऊसाहेब, एकदा मोठ्याने वाचून दाखवाल का?’ तलाठी भाऊसाहेबांनी वाचलं, आईने ऐकलं, मग सही केली. वाचून दाखवा म्हटलं तर कुणी रागावत नाही. आपल्या घराचं जे काही मोडलंय ते त्या कागदावर आलं पाहिजे. कचेरीत बसलेला माणूस तुमचं घर बघणार नाही, तो कागदच बघणार. घरी वयस्कर माणूस एकटं असेल तर पाहणीच्या वेळी शेजारचं कुणीतरी लिहितं-वाचतं सोबत उभं राहील एवढं नक्की करा.

यापुढची अडचण कोकणातल्या बहुतेक घरांची आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घर अजून आजोबांच्या नावावर होतं. आजोबा जाऊन तीस वर्षं होत आली. घरपट्टी आई भरते, पावतीवर नाव मात्र आजोबांचं. कायद्याने बाबांच्या भावंडांची मुलंही वाटेकरी, एक बोरिवलीला, एक पुण्याला, एक वडोदऱ्याला. मदत कुणाच्या खात्यात द्यायची हा कचेरीचा प्रश्न रास्तच होता. मार्ग निघाला तो असा. आजोबांचा आणि बाबांचा मृत्यूचा दाखला, आई त्याच घरात राहते हे सांगणारा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, तिच्या नावचं रेशनकार्ड आणि वीजबिल, आणि तिन्ही चुलतभावंडांची संमतीपत्रं की मदतीची रक्कम काकूच्या खात्यात जमा करण्यास हरकत नाही.

संमतीपत्रं मागताना मला धास्ती होती. वाटणीचा विषय घरात कधी कुणी काढला नव्हता. सुनीलदादाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘अगं, घर काकूनेच सांभाळलंय. पाठव मजकूर, मी सही करून कुरिअर करतो.’ पण लॉकडाऊनमध्ये कुरिअर गावापर्यंत येईना. शेवटी स्कॅन प्रतींवर काम पुढे सरकलं आणि मूळ कागद नंतर दिले. मजकुरात एक ओळ आम्ही मुद्दाम घातली, की या संमतीमुळे कुणाचा घरातला हिस्सा कमी-जास्त होत नाही. त्या ओळीने सगळ्यांनाच मोकळं वाटलं. तुमच्याकडे भावकीत बोलणं अवघड असेल तर ही ओळ जरूर घाला.

यादी जुलैअखेर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. आईच्या नावापुढे 50,000. ऑगस्टमध्ये गावातल्या बऱ्याच जणांचे पैसे जमा झाले, आमचे नाहीत. आधी वाटलं उशीर असेल. गणपती झाले तरी नाहीत तेव्हा तहसीलमध्ये चौकशी केली. पैसे पाठवले होते, बँकेतून परत आले होते. कारण शोधायला बँकेत गेले. आईचं खातं पूर्वी कधीतरी कमी कागदपत्रांवर उघडलेलं, ‘छोटं खातं’ प्रकारातलं. त्यात एरवी 50,000 पेक्षा जास्त शिल्लक चालत नाही. आईचे आधीचे थोडे पैसे त्यात होते, त्यामुळे मदत जमा होताच मर्यादा ओलांडली जात होती. आधार, पॅन आणि फोटो देऊन खातं पूर्ण केवायसीचं करून घेतलं, बँकेकडून तसं पत्र घेतलं, ते तहसीलमध्ये दिलं. पैसे दसऱ्याच्या आधी जमा झाले. मोबाइलवरचा संदेश आईने मला दोनदा वाचायला लावला.

घरात ज्यांची जनधनची किंवा अशी जुनी खाती आहेत त्यांनी आजच बँकेत जाऊन एवढं विचारून घ्यावं. खातं चालू आहे का, आधार जोडलंय का, शिल्लकेला मर्यादा आहे का. आपत्ती आल्यावर बँकेतही रांग असते.

वाडीचं थोडक्यात. बागायतीला हेक्टरी 50,000 जाहीर झाले होते. सहा गुंठ्यांचे त्या दराने तीन हजार. पोफळ धरायला लागायला सहा-सात वर्षं जातात. त्याबद्दल मी काय लिहू.

आता घराबद्दल. तो पावसाळा आईने अर्धा शेजारी आणि अर्धा ओटीवर ताडपत्रीखाली काढला. ताडपत्र्या त्या दिवसांत मिळत नव्हत्या, मिळाल्या तर दुप्पट भावाने. सिमेंटच्या पत्र्यांचंही तेच. गावात बहुतेकांनी मिळेल ते पत्रे आणून मिळेल तसे ठोकले, आणि त्यांना दोष देता येत नाही, डोक्यावर पाऊस होता. आमचं आईमुळे थोडं निराळं झालं. ती म्हणाली, ‘पत्रे नकोत. उन्हाळ्यात घर तापतं. आणि परत उडालं तर?’

त्या ‘परत उडालं तर’वर मी बराच विचार केला. ओळंबा धरणाऱ्या त्या अभियंत्याला फोन केला आणि विचारलं की छप्पर गेलं कसं. त्याने समजावलं ते असं. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. वळचणीखाली आणि पडवीत शिरतो आणि खालून वर लोटतो. वरून जाणारा वारा त्याच वेळी आढ्याजवळ आणि कडांना कौलं ओढून घेतो. जुन्या घरांत वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडावर टेकलेले असतात आणि ते लाकूड नुसतं भिंतीवर ठेवलेलं असतं. एकाला दुसऱ्याशी बांधणारं काही नसतं, असलाच तर गंजलेला खिळा. उतरंडीच्या मडक्यांसारखं सगळं एकावर एक नुसतं ठेवलेलं. त्यामुळे पाया, भिंत, आडवं लाकूड, वासा, रीप, कौल अशी साखळी कुठेही न तुटता बांधली पाहिजे.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. सुतार मिळणं हाच मोठा खटाटोप होता, सगळ्या तालुक्यात छपरंच चालू होती. मागची भिंत उतरवून पुन्हा बांधली. चारही भिंतींच्या माथ्यावर सळ्या घालून काँक्रीटचा सलग पट्टा ओतला आणि ओला असतानाच त्यात दर चार फुटांवर बोल्ट उभे केले. आडवं लाकूड त्या बोल्टांना नट-वॉशरने आवळलं. प्रत्येक वासा त्या लाकडाला लोखंडी पट्टीने बांधला. आढ्याजवळ समोरासमोरचे वासे एकमेकांना आडव्या फळीने जोडले. कडेच्या आणि आढ्याच्या दोन-दोन ओळींतली कौलं तांब्याच्या तारेने रिपांना बांधली, मधली तशीच बसवली, कारण सगळी बांधली तर दरवर्षी शाकारायला काढता येणार नाहीत.

आमचे सुतारदादा, वय साठीच्या पुढचं, पहिल्या दिवशी म्हणाले, ‘ताई, एवढं लोखंड कशाला? कौलाचं वजनच पुरतं.’ मी म्हटलं, ‘दादा, याच कौलांचे तुकडे मी वाडीतून गोळा केलेत.’ ते गप्प राहिले. दोन दिवसांनी त्यांनीच सुचवलं की पडवीचं छप्पर मोठ्या छपराला सलग ओढू नका, हातभर खालून वेगळं घ्या. पुढे कधी पडवीचं गेलं तर ते मोठ्याला घेऊन जाणार नाही. ही सूचना पुस्तकी माणसाने दिली असती तशीच नेमकी होती. कारागिराशी बोलत राहा, कारण बारकाव्यांतलं त्यांना जास्त कळतं.

खर्च सांगते, कारण अंदाजाशिवाय कुणी हात घालू नये. नवीन लाकूड आणि वाडीत पडलेला फणस चिरून घेण्याची मजुरी मिळून 58,000. जुनी निम्मी कौलं वाचली होती, राहिलेल्यांसाठी 35,000. चिरे वाहतुकीसह 18,000, गवंडीकाम 24,000. काँक्रीटचा पट्टा 38,000. सुतारकाम 70,000. बोल्ट, पट्ट्या, तार यांचे फक्त 11,000. आधीच्या ताडपत्र्या साडेसहा हजारांच्या. सगळं मिळून दोन लाख साठ हजारांच्या आसपास. यात सरकारी मदत 50,000, म्हणजे पाचवा हिस्साही नाही. बाकीच्यासाठी आईने ठेव मोडली, चुलतभावंडांनी आपणहून पैसे पाठवले आणि मी कोविडच्या सवलतीतून पीएफमधली आगाऊ रक्कम काढली, जी परत भरावी लागत नाही. त्या सवलतीत तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, किंवा शिल्लकेच्या 75 टक्के, यांतली जी कमी ती रक्कम मिळत होती.

माझं मत स्पष्ट सांगते. घर दुरुस्तीची मदत ही छप्पर झाकण्यापुरती आहे, छप्पर बांधून ठेवण्यापुरती नाही. आमच्या खर्चात बोल्ट आणि पट्ट्यांचे अकरा हजार निघाले. एवढे पैसे किनाऱ्यावरच्या प्रत्येक कौलारू आणि पत्र्याच्या घरासाठी वेगळे, ‘बांधणीसाठी’ म्हणून दिले आणि गावातल्या चार सुतारांना दोन दिवस शिकवलं, तर पुढच्या वादळात पंचनामेच कमी करावे लागतील. हे मी ग्रामसभेतही बोलले. ठराव झाला आहे, वर गेला आहे, उत्तर आलेलं नाही.

16 मे 2021 ला तौते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. आमच्याकडे निसर्गइतकं जोरात नव्हतं, पण रात्रभर वारा होता. या वेळीही आईला स्लॅबच्या घरात नेलं होतं. सकाळी भाच्याने आधी घराचा फोटो पाठवला, मग फोन केला. ओटीच्या कोपऱ्यातली बांधलेली नसलेली काही कौलं सरकली होती. बाकी सगळं जागेवर.

आता राहिलंय ते कागदाचं काम. आजोबांच्या नावावरून घराची नोंद सगळ्या वारसांच्या नावे करण्याचा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीत दिला आहे. मासिक सभेत तो घेतला, हरकतीची नोटीस लागली, मुदत संपली, आता फेरफाराची वाट बघतोय. मूळ संमतीपत्रं, दोन्ही पंचनाम्यांच्या प्रती, आवक क्रमांकाचा अर्ज, बँकेचं पत्र आणि घराचे फोटो एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत, आणि त्यांचे फोटो चौघा भावंडांच्या मोबाइलवर आहेत. पडवीला पुन्हा कौलं घालायची आहेत, सुतारदादांनी फेब्रुवारीचा शब्द दिला आहे.